प्रश्नाला बसायला जागा

लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या अंगणात उघड्यावर एक प्रवचनपीठ होतं. त्याला पॉल्स क्रॉस म्हणत. दगडी पायऱ्या, वर लाकडी पीठ, डोक्यावर शिशाच्या पत्र्याचं छत, आणि समोर ऊन-वारा खात ऐकणारे लोक. राजाचे हुकूम तिथे वाचले जात, धर्मावरचे वाद तिथे रंगत, नको असलेली पुस्तकं तिथेच जाळली जात. ५ नोव्हेंबर १६२२ ला कॅथेड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, आणि कवी जॉन डन यांचं प्रवचन याच अंगणासाठी ठरलं होतं. हवा बिघडली आणि ते आत, मुख्य इमारतीत द्यावं लागलं. पुढे प्रवचन छापलं गेलं तेव्हा मथळ्यातच तशी नोंद आली. १६४३ मध्ये, इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात, ते पीठच पाडून टाकलं गेलं.

नाशिककराला ही नोंद समजावून सांगावी लागत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला चालते आणि वळवाचा पाऊस कोणत्या संध्याकाळी येईल हे कुणालाच माहीत नसतं. ढग दाटले की सतरंज्या गोळा करायच्या की वक्त्याला पुढे बोलू द्यायचं, हा निर्णय कार्यकर्त्याला दोन मिनिटांत घ्यावा लागतो. व्याख्यान आत नेलं की डोक्यावर छत येतं, एवढाच फरक पडेल असं वाटतं. आवाज बदलतो, ते सगळ्यांच्या लक्षात येतं. कोण येतं आणि कोण विचारतं हेही बदलतं, ते मात्र चटकन ध्यानात येत नाही.

जुन्या प्रार्थनास्थळात व्याख्यानं आणि लोकसंवाद भरवायचे म्हटले की मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. दगडी इमारत ऐकणाऱ्याला शांत करते, गंभीर करते. तेवढंच ती विचारणाऱ्याला गप्पही करते. म्हणून अशा जागी आयोजकाची निम्म्याहून जास्त मेहनत प्रश्नासाठी जागा करण्यात गेली पाहिजे.

देवाच्या सावलीत ऐहिक विषयावर बोलणं आपल्याला परकं नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकच्या मालेनेही शंभरी ओलांडली, आणि तिचं घर आहे एका समाधिस्थानाचं पटांगण. सटाण्याला मामलेदार असताना दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या माणसाच्या नावाची ही जागा. तिथे अर्थसंकल्पावर, शेतीवर, आरोग्यावर, परराष्ट्र धोरणावर बोललेलं कुणाला खटकत नाही. पटांगणाला दार नसतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. भाजीची पिशवी हातात घेऊन दहा मिनिटं उभं राहून ऐकता येतं, पटलं नाही तर निघून जाता येतं. आत आल्याचं कुणाला सांगावं लागत नाही, बाहेर पडल्याचं कुणी बघत नाही. कॅथेड्रलला मात्र मोठं दार असतं, दाराशी पायऱ्या असतात, आणि आत पाय टाकताना ‘इथे मी चालेन ना’ असं मनात येतंच.

आधी आवाजाचं बघू, कारण ऐकूच आलं नाही तर पुढचं सगळं वाया.

दगडी भिंती, दगडी फरशी आणि उंच कमानी असलेल्या वास्तूत उच्चारलेला आवाज लवकर मरत नाही. तो साठ डेसिबलने उतरायला, म्हणजे जवळजवळ ऐकू येईनासा व्हायला, जितका वेळ लागतो, त्याला निनादकाल म्हणतात. भाषणासाठी तो एका सेकंदाच्या आसपास असलेला बरा. मोठ्या कॅथेड्रलमध्ये तो पाच सेकंदांच्या वर सहज जातो. ऑर्गन आणि समूहगानासाठी ही देणगी आहे, कारण सूर एकमेकांत मिसळतात. बोलताना मात्र आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतो, आणि पाचव्या सेकंदाच्या अक्षराला पहिल्या सेकंदाच्या अक्षराचं शेपूट अजून चिकटलेलं असतं. मराठीत याची किंमत जास्त मोजावी लागते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच येतो. ‘ही योजना गरिबांच्या हिताची आहे असं मी म्हणत नाही’ या वाक्यातला शेवटचा शब्द भिंतींनी गिळला, तर श्रोता वक्त्याचं नेमकं उलट मत घेऊन घरी जातो. त्यातच बहुतेक वक्ते वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणतात. दगडी वास्तूत बोलणाऱ्याला आधी एवढंच सांगावं: शेवटच्या शब्दावर आवाज पाडू नका, आणि पूर्णविरामानंतर एक श्वास थांबा.

हिशेब साधा आहे. वास्तूचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि आतल्या एकूण ध्वनिशोषणाने (भिंती, फरशी, माणसं मिळून किती आवाज शोषतात ते, चौरस मीटरमध्ये) भागायचं. पाच हजार घनमीटरची दगडी वास्तू रिकामी असताना तिचं शोषण दीडशे चौरस मीटर धरलं, तर निनादकाल येतो साधारण ५.४ सेकंद. आता तीनशे माणसं बसवा. बसलेला माणूस त्याच्या कपड्यांसकट अदमासे ०.४५ चौरस मीटर शोषण आणतो. एकूण होतं २८५, आणि निनादकाल उतरतो २.८ सेकंदांवर. म्हणून रिकाम्या वास्तूत दुपारी केलेली माईकची चाचणी संध्याकाळी जशीच्या तशी लागू पडत नाही. आणि म्हणूनच साठ माणसं येणार असतील तर मोठ्या दालनाचा मोह सोडावा, बाजूचं छोटं चॅपल (लहान प्रार्थनागृह) किंवा पॅरिश हॉल (चर्चचं सभागृह) घ्यावा. जाजम आणि जाड पडदे उपयोगी पडतात, पण ते वरच्या पट्टीतला आवाज शोषतात. खालच्या पट्टीतली घुमघुम तशीच राहते.

साऊंडवाल्याशी पहिला वाद इथेच होतो. लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या कामाची सवय असलेला माणूस पुढे दोन मोठे बॉक्स लावतो आणि मागे ऐकू येत नाही म्हटलं की आवाज वाढवतो. दगडी वास्तूत आवाज वाढवला की निनादही तेवढाच वाढतो. शब्द जिथे होता तिथेच राहतो. इथे लागतात उभे, बारीक कॉलम स्पीकर. ते आवाज आडवा पसरवतात आणि छताकडे कमी सोडतात. खांबाखांबाला एक-एक, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा थोडा वर, श्रोत्यांकडे किंचित झुकवलेला, आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा. बेस बंद. १२० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापून टाकायचं. भाषणाला त्याची गरज नसते, घुमण्याला असते.

मागच्या कॉलमना उशीर द्यावा लागतो. मे महिन्यातल्या संध्याकाळी आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. वक्त्यापासून वीस मीटरवरच्या कॉलमपर्यंत पोहोचायला त्याला ५७ मिलिसेकंद लागतात, तर वायरीतून तो तत्क्षणी पोहोचतो. मागे बसलेल्याला मग आधी शेजारच्या खांबातून शब्द ऐकू येतो आणि नंतर पुढून त्याचं भूत. त्या कॉलमला सत्तरेक मिलिसेकंदांचा उशीर दिला की आधी पुढचा आवाज येतो, मागून कॉलम त्याला फक्त बळ देतो, आणि कानाला वाटतं की वक्ताच बोलतोय. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये कानाचा हा स्वभाव मांडला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लंडनच्या सेंट पॉल्समध्ये उभे कॉलम आणि उशीर यांची जोडी लावली गेली. त्या काळी उशीर देण्यासाठी चुंबकीय ध्वनिमुद्रणाची फिरती तबकडी वापरावी लागली. आज साध्या डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. साऊंडवाल्याला ‘डिले लाव’ एवढं म्हटलं तरी कळतं. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर. त्याहून लांब ठेवला तर आवाज वाढवावा लागतो आणि मग तो शिटी मारतो.

परवानग्यांचं थोडक्यात सांगायचं तर बाहेर अंगणात स्पीकर लावणार असाल तर लेखी परवानगी घ्यावी लागते आणि रात्री दहाला तो बंद करावा लागतो. इस्पितळ, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, हे जागा ठरवण्याआधीच बघून ठेवावं.

आता वक्त्याला कुठे उभं करायचं? पुलपिटावर नको. पुलपिट प्रवचनासाठी घडवलेलं असतं. उंचावरून आलेल्या शब्दाला मान लवते, हात वर होत नाही. वेदीपुढेही नको. ज्यांची ती पूजेची जागा आहे त्यांच्या ते मनाला लागतं, आणि जे त्या श्रद्धेचे नाहीत त्यांना अवघडल्यासारखं होतं. वेदीच्या पायऱ्या संपतात तिथे, श्रोत्यांच्याच पातळीवर, फार तर तीस सेंटिमीटर उंचीच्या चौथऱ्यावर वक्ता असावा. कीर्तनकार श्रोत्यांच्या पातळीवर उभा राहतो आणि तरीही हजार माणसं धरून ठेवतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तनाचा हा साचा ख्रिस्ती मंडळींत वापरला तो काही उगाच नाही. पण कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो. श्रोत्याच्या प्रश्नाला त्यात जागा नसते. आपल्याला ऐकायची शिस्त शतकांची आहे, विचारायची नाही. हे मान्य करूनच बेत आखावा लागतो.

बाकांनी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला बांधलेली असतात. मागच्या बाकावरून कुणी विचारलं तर पुढच्यांना मान मोडून वळावं लागतं, आणि विचारणाऱ्याला तीनशे पाठी दिसतात. युरोपातल्या मध्ययुगीन कॅथेड्रलांच्या मधल्या दालनात मुळात बैठका नव्हत्याच. आजही सेंट पॉल्ससारख्या ठिकाणी सुट्या खुर्च्या असतात, आणि लोकसंवादासाठी त्यांचा फार उपयोग होतो. खुर्च्या असतील तर सरळ रांगांऐवजी नालाच्या आकारात मांडाव्यात, मध्ये दीड मीटरची वाट ठेवावी, व्हीलचेअरसाठी जागा कडेला न ठेवता रांगेतच सोडावी. पायऱ्यांवर तात्पुरता लाकडी उतार टाकायचा तर एकास बारा या प्रमाणात: पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांब फळी. याहून खडा उतार म्हणजे व्हीलचेअर ढकलणाऱ्याची परीक्षा.

वेळेचं गणित सभेच्या सवयींमुळे बिघडतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. प्रत्येकाला ‘फक्त पाच मिनिटं’ दिली तरी सव्वा तासाच्या कार्यक्रमातला अर्धा तास यातच संपतो, आणि कापला जातो तो नेहमी प्रश्नांचा वेळ. परिचय दोन मिनिटांत, तोही वक्त्याची पदं न वाचता आजच्या विषयाशी त्याचा संबंध सांगणारा. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर कार्यक्रम संपल्यावर. व्याख्यान चाळीस मिनिटं, प्रश्न पस्तीस. पत्रिकेवरच ‘७.४५ ते ८.२० प्रश्नोत्तरं’ असं छापावं. एकदा छापलं की वक्त्याला थांबवणाऱ्या सूत्रसंचालकाचे हात बळकट होतात.

व्याख्यान संपलं की लगेच ‘कुणाला काही विचारायचंय का’ असं म्हणू नये. त्या क्षणी हात वर करतो तो सवयीचा माणूस, आणि त्याचा प्रश्न सात मिनिटांचा असतो. त्याऐवजी तीन मिनिटं सभा थांबवावी आणि शेजारच्या दोघा-तिघांशी बोलायला सांगावं. दगडी वास्तूत एकदम कुजबुज उठते, आणि ज्याने इतका वेळ तोंड उघडलेलं नाही त्याचाही आवाज त्या जागेत मिसळून जातो. एकदा बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलायला धजावतो. शैक्षणिक परिसंवादांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की बायकांचे प्रश्न कमी येतात असं आढळलं. म्हणून पहिला माईक कुणाकडे जातो हे नशिबावर सोडू नये. माईक घेऊन फिरणारे दोघं हवेत, आणि त्यांनी माईक हातातून सोडायचा नाही, विचारणाऱ्याच्या तोंडापुढे धरायचा. माईक हातात गेला की परत मिळवायला भांडावं लागतं.

चिठ्ठ्या मला आवडतात. पोस्टकार्डाएवढे कागद आणि पेन्सिली प्रत्येक जागेवर आधीच ठेवाव्यात. नाव लिहायची सक्ती नको. वस्तीतल्या पाण्याबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल, आपल्याच देवस्थानाच्या कारभाराबद्दल उघड विचारायला धीर लागतो. चिठ्ठीवर तो येतो. चिठ्ठ्या निवडायला दोन माणसं बसवावीत, त्यातलं एक तरी आयोजक संस्थेबाहेरचं असावं. सारखे प्रश्न एकत्र करावेत, पण वाचताना विचारणाऱ्याचेच शब्द वाचावेत. प्रश्न ‘सुधारून’ वाचला की त्यातली धार जाते, आणि विचारणाऱ्याला खाली बसल्या बसल्या ते कळतं. निम्मे प्रश्न चिठ्ठीतून, निम्मे माईकवरून, हे प्रमाण बरं पडतं.

एवढं सगळं नीट केलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो आयोजकालाच विचारलेला असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्ससमोर आर्थिक विषमतेविरुद्धच्या आंदोलकांनी तंबू ठोकले. कॅथेड्रलची स्वतःची एक संस्था पैसा आणि नीती या विषयावर व्याख्यानं, चर्चा भरवत होती. शहरातल्या वित्तक्षेत्रातल्या लोकांच्या नीतिविचारावरचा तिचा अहवालही तयार होता. विषय तोच होता, फक्त तो आता पायऱ्यांवर येऊन बसला होता. सुरक्षेचं कारण देऊन कॅथेड्रल आठवडाभर बंद ठेवलं गेलं. आंदोलकांना बळाने हटवलं जाईल या शक्यतेवरून कॅथेड्रलचे एक ज्येष्ठ धर्मगुरू, कॅनन चान्सलर जाइल्स फ्रेझर यांनी राजीनामा दिला, चार दिवसांनी डीन ग्रॅम नोल्स यांनीही दिला. अहवाल तेव्हा रोखून ठेवला गेला आणि नोव्हेंबरात बाहेर आला. तंबू फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीला हलवले गेले. आत चर्चासत्र भरवणं आणि बाहेरच्याला आत घेणं यांत किती अंतर आहे, ते त्या दिवसांत जगाला दिसलं. तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या निकोलाय चर्चने ते अंतर वेगळ्या रीतीने पार केलं होतं. तिथे १९८२ पासून दर सोमवारी शांतिप्रार्थना होत. दारावर ‘सर्वांसाठी खुलं’ अशी पाटी होती, आणि श्रद्धा नसलेलेही येऊन बोलत. ९ ऑक्टोबर १९८९ ला तिथून आणि शहरातल्या इतर चर्चमधून बाहेर पडलेल्यांना सामील होत सत्तरेक हजार लोक रस्त्यावर चालले, आणि गोळी चालली नाही.

नाशिकमध्ये तर दाराचा प्रश्न पुस्तकातला नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेवर तो पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या शहरात कोणतंही प्रार्थनास्थळ, कोणत्याही धर्माचं, ‘सर्वांसाठी व्याख्यान’ असा फलक लावतं तेव्हा वाचणाऱ्याला हा इतिहास आठवतो. म्हणून निमंत्रण कुठे पोहोचलं हे बघावं. पत्रिका फक्त कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर वाटल्या गेल्या तर सभागृहात तेच चेहरे दिसतील. पंचवटी, जुनं नाशिक, सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्या, नाशिकरोड, देवळाली इथे माणूस जाऊन सांगून आला पाहिजे. सातपूरला दुसरी पाळी सुटते तेव्हा व्याख्यान कधीच संपलेलं असतं, त्यामुळे कामगारांच्या विषयावरचं व्याख्यान साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच ठेवावं.

विषयही जागेतून उगवलेला असला की माणसं आपणहून येतात. नाशिकच्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शिकवलं जाई. त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधाला गेलेल्या तुकडीबरोबर आफ्रिकेत पोहोचला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नोंद कोरली, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिकेला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो उभा होता. पुढे शरणपुरातले बरेच जण पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या फ्रियरटाउनला, सोडवलेल्या गुलामांच्या वसाहतीत, गेले. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. ‘शरण आलेल्यांचं गाव’ या एका विषयावर तीन संध्याकाळी सहज भरतील: एक इतिहासाची, एक आज नाशिकमध्ये कामासाठी आलेल्या परप्रांतीय मजुरांची, आणि तिसरी पूर्णपणे श्रोत्यांची. तिसऱ्या संध्याकाळी वक्ता नको. आठ-आठ जणांची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक नोंद घेणारा, आणि पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. वर्तुळं किमान तीन मीटर अंतरावर ठेवावीत. दगडी दालनात याहून जवळ बसलं की शेजारच्यांचा आवाज चढतो, मग आपला, आणि वीस मिनिटांत सगळे ओरडत असतात. अंगण असेल तर वर्तुळं बाहेरच बसवावीत.

उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्या फेकू नयेत. त्याच रात्री त्या टाइप करून वक्त्याला पाठवाव्यात, आठ दिवसांत दोन-दोन ओळींची उत्तरं मागवावीत आणि पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला, परिचयाच्याही आधी, ती वाचावीत. ज्या प्रश्नांचा रोख आयोजक संस्थेकडे असेल त्यांना संस्थेच्या विश्वस्तांनी स्वतः उभं राहून उत्तर द्यावं. उत्तर तयार नसेल तर कोणत्या तारखेला देऊ ते सांगावं, आणि ती तारीख दारावरच्या फळ्यावर लिहावी.